प्रोग्रामरना साधनांकडून आणि तांत्रिक दस्तऐवजांकडून काय हवे असते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्मागुडी, वेर्णा, झुआरीनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी, पणजी-पर्वरीतील छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे प्रोग्रामर आणि त्यांच्यासाठी लायब्ररी (इतरांनी वापरायच्या तयार कोडचा संच), एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याची ठरलेली रीत) किंवा अंतर्गत साधने तयार करणारे सहकारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दस्तऐवज हा साधनाला मागाहून जोडायचा कागद नसून साधनाचाच एक भाग आहे, या भूमिकेतून ती लिहिली आहेत.

प्रोग्रामर दस्तऐवज खरोखर वाचतात का?

वाचतात, परंतु पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच. बहुतेक वेळा वाचक काम अडल्यावर येतो: एरर मेसेज शोधयंत्रात चिकटवतो, समोर आलेल्या पानाच्या मध्यावर उतरतो, हवी ती ओळ सापडली की निघून जातो. म्हणून ‘हे आपण मागील प्रकरणात पाहिलेच आहे’ अशा गृहीतकावर लिहिलेले पान त्याच्या उपयोगाचे नसते. प्रत्येक पानाने आपण कोणत्या व्हर्जनबद्दल बोलत आहोत, वाचकाजवळ आधी काय तयार असायला हवे आणि पुढे कोठे जायचे, एवढे तरी स्वतःच सांगितले पाहिजे. वाचत नाहीत ही तक्रार ज्या दस्तऐवजांबाबत होते, त्यांत बहुधा हेच राहून गेलेले असते.

चांगल्या दस्तऐवजात कोणते भाग असावेत?

डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेल्या ‘डायटॅक्सिस’ या पद्धतीत दस्तऐवजांचे चार प्रकार केले आहेत: नवख्याला हात धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम कसे करायचे हे सांगणारी कृती, प्रत्येक फंक्शनचा आणि पर्यायाचा नेमका तपशील देणारा संदर्भ, आणि रचना अशीच का केली याचे स्पष्टीकरण. ही विभागणी उपयोगी आहे, कारण या चार वाचकांची मनःस्थिती वेगवेगळी असते. पहिल्यांदा शिकणाऱ्याला पाठाच्या मध्येच सतरा पर्यायांचा तक्ता दाखवला तर तो गोंधळतो, आणि एकच पर्याय पाहायला आलेल्या अनुभवी माणसाला अभिनंदनाचे परिच्छेद ओलांडावे लागले तर तो वैतागतो.

छोट्या टीमला चारही प्रकार एकदम लिहिणे जमत नाही. अशा वेळी संदर्भ आणि पाचसहा नेहमीच्या कृती आधी लिहाव्यात, असे माझे मत आहे. सर्वाधिक दुर्लक्ष मात्र चौथ्या प्रकाराकडे होते. काय केले हे कोडमध्ये दिसते, पण दुसरा कोणता मार्ग विचारात घेतला होता आणि तो का सोडला हे कोडमध्ये कोठेच नसते. ज्याने तो निर्णय घेतला तो नोकरी सोडून बेंगळुरूला गेला की ते कारण त्याच्याबरोबरच जाते.

या संदर्भात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या प्रोग्रामर्स मॅन्युअलची आठवण करून द्यावीशी वाटते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात प्रत्येक कमांडच्या पानावर नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित फाइली यांच्या जोडीला ‘बग्ज’ असाही मथळा होता. आपल्या साधनात काय बिघडते किंवा काय अपुरे आहे हे साधन बनवणाऱ्यानेच त्याच पानावर लिहून ठेवायचे, ही प्रथा मला अत्यंत मोलाची वाटते. आजच्या अनेक चकचकीत दस्तऐवजांत मर्यादांसाठी एक ओळही नसते, आणि मग प्रत्येक वापरकर्त्याला ती मर्यादा स्वतःचा दिवस घालवून शोधावी लागते.

एरर मेसेजला दस्तऐवज मानावे का?

होय, किंबहुना सर्वाधिक वाचला जाणारा दस्तऐवज तोच आहे. मेसेज लिहिताना चार गोष्टी तपासाव्यात: काय करण्याचा प्रयत्न चालू होता, कोणते मूल्य मिळाले, कोणते अपेक्षित होते, आणि आता वापरकर्त्याने काय करावे. समजा एखाद्या एपीआयकडे तालुक्याचे नाव पाठवायचे आहे आणि पाठवणाऱ्याने ‘म्हापसा’ लिहिले. ‘अवैध विनंती’ एवढेच उत्तर आले तर तो ओळख पटवणाऱ्या टोकनपासून विनंतीच्या हेडरपर्यंत सगळे तपासत बसेल. ‘तालुका या रकान्यात म्हापसा हे मूल्य मिळाले, ते शहराचे नाव आहे, गोव्यातील बारा तालुक्यांपैकी एक अपेक्षित आहे, उदाहरणार्थ बार्देश’ असे उत्तर आले तर काम तेथेच संपते.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (कोड तपासून तो यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारे साधन) या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. तो चूक झालेली ओळ दाखवतो, त्या चुकीला कारणीभूत ठरलेली आधीची ओळही दाखवतो आणि शक्य असेल तेथे दुरुस्ती सुचवतो. प्रत्येक प्रकारच्या चुकीला ठरलेला क्रमांक असतो. एखादे मूल्य दुसरीकडे सोपवल्यानंतर पुन्हा वापरले तर ई०३८२ हा क्रमांक दिसतो, आणि एक्सप्लेन हा पर्याय देऊन तो क्रमांक लिहिला की उदाहरणासह सविस्तर खुलासा टर्मिनलवरच मिळतो. असा क्रमांक मेसेजचे शब्द बदलले तरी बदलत नाही, त्यामुळे तो शोधता येतो, सहकाऱ्याला सांगता येतो आणि भाषांतरातही टिकतो.

वेबवरील एपीआयसाठी चुकीचे उत्तर कोणत्या साच्यात द्यावे याचेही मानक आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज; त्यांतील २०१६ मधील आरएफसी ७८०७ ची जागा २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने घेतली. त्यात चुकीचा प्रकार, मथळा, स्टेटस, तपशील आणि त्या विशिष्ट घटनेची ओळख असे रकाने ठरवून दिले आहेत. स्वतःचा वेगळा साचा घडवण्याआधी हे मानक वाचून पाहावे. मात्र तपशील देण्याच्या भरात पासवर्ड, टोकन किंवा डेटाबेसची अंतर्गत रचना बाहेर जाणार नाही याची काळजी घेणे आवश्यक आहे.

आमचे ॲप इंग्रजी मजकुरावर नीट चालते, पण मराठी किंवा कोकणी मजकूर आला की लांबी चुकते. दोष साधनाचा की दस्तऐवजाचा?

बहुतेक वेळा साधन त्याच्या व्याख्येप्रमाणे बरोबर असते, पण ती व्याख्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली नसते. ‘हे फंक्शन मजकुराची लांबी परत करते’ हे वाक्य देवनागरी लिहिणाऱ्यासाठी अपुरे आहे, कारण लांबी नेमकी कशाची मोजायची हे त्यात नाही.

‘गोवा’ हा शब्द घ्या. गो भाषेतील लेन हे फंक्शन बाइट, म्हणजे साठवणीची एकके, मोजते, म्हणून यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्याचे उत्तर १२ येते. पायथनचे लेन युनिकोडचे कोडपॉइंट, म्हणजे त्या मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजते आणि ४ सांगते: ग, ओकाराची खूण, व आणि काना. जावास्क्रिप्टही येथे ४ सांगते, पण ती यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवण पद्धतीची एकके मोजत असल्यामुळे इमोजी आला की तिचे आणि पायथनचे उत्तर वेगळे होते. स्विफ्ट वाचकाच्या डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजते आणि २ सांगते. एकाच शब्दाची ही तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

‘म्हापसा’ हा शब्द आणखी काही शिकवून जातो. त्यात ७ कोडपॉइंट आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये व्हारकॅर२ प्रकारचा रकाना २० लांबीचा ठेवला आणि मूळ सेटिंग बदलले नाही, तर ती लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि म्हापसा त्यात मावत नाही. मायएसक्यूएलमध्ये व्हारकॅरची लांबी अक्षरचिन्हांत मोजली जात असल्यामुळे तोच शब्द तेथे सहज मावतो. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या टीमला ही गोष्ट संदर्भपानाच्या पहिल्या परिच्छेदात दिसली पाहिजे. याशिवाय, दिसणारी अक्षरे मोजण्याचा नियमच २०२३ मधील युनिकोड १५.१ मध्ये सुधारला गेला. पूर्वी हलन्तानंतर अक्षर तोडले जाई, म्हणून ‘म्हापसा’चे चार तुकडे होत, नव्या नियमात ‘म्हा’ एकसंध राहते आणि तीनच होतात. त्यामुळे लायब्ररी युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेली आहे हे लिहिणेही गरजेचे ठरते.

‘किनाऱ्यावर’ या शब्दातील ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकाच कोडपॉइंटने, किंवा साधा र आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोहोंनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपे एकाच ठरलेल्या रूपात आणणे) न करता तुलना केली तर संगणक त्यांना भिन्न मानतो आणि शोध रिकामा येतो. क्रमवारीचेही तसेच आहे. कोडपॉइंटच्या क्रमाने लावले तर ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर असतो. एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराला एका संदेशात १६० अक्षरचिन्हांची जागा मिळते, देवनागरीला ७० ची. यातले काहीही गुप्त ज्ञान नाही, परंतु ते कळण्यासाठी आपल्या प्रोग्रामरला साधनाच्या मूळ दस्तऐवजाबाहेर भटकावे लागते, याची मला खंत वाटते.

उदाहरणातला कोड कसा असावा?

नक्कल करून चिकटवला की चालणारा. सगळ्या इम्पोर्टसह (लागणाऱ्या लायब्ररी मागवणाऱ्या ओळींसह), अपेक्षित आउटपुटसह. उदाहरणे जुनी होतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, यावर उपाय फार पूर्वीपासून आहे: पायथनमधील डॉकटेस्ट हे मॉड्यूल २००१ मधील २.१ व्हर्जनपासून उपलब्ध असून ते दस्तऐवजातली उदाहरणे चालवून उत्तर जुळते का ते पाहते. रस्टमध्येही टिप्पण्यांतली उदाहरणे कार्गो टेस्ट या कमांडबरोबर आपोआप तपासली जातात.

उदाहरणातला डेटाही विचारपूर्वक निवडावा. सर्व नावे एक नाव आणि एक आडनाव अशी सरळ असतील, तर वाचक तेच गृहीतक आपल्या ॲपमध्ये नेतो. गोव्यात ते पहिल्याच दिवशी कोसळते. येथे आडनावात ‘डा’, ‘डी’ असे सुटे शब्द येतात, एका व्यक्तीची दोन-दोन आडनावे असतात, पोर्तुगीज लिपीतील शेपटीचा सी येतो आणि डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत अनेकदा अपॉस्ट्रॉफीसह लिहिले जाते. मजकुराचे तुकडे जोडून डेटाबेसला विचारायची एसक्यूएल क्वेरी तयार करणारे उदाहरण जर दस्तऐवजात असेल, तर तो अपॉस्ट्रॉफी क्वेरीतला मजकूर अर्ध्यावर बंद करतो आणि प्रोग्राम कोसळतो. याच फटीतून एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे मजकुरातून परकी क्वेरी घुसवण्याचा, हल्लाही होतो. म्हणून मूल्ये क्वेरीत न मिसळता पॅरामीटर म्हणून वेगळी देण्याची पद्धत ‘प्रगत सुरक्षा’ अशा दूरच्या प्रकरणात न ठेवता पहिल्याच उदाहरणात वापरावी. नवशिक्या पहिले उदाहरणच उचलतो आणि पुढे कित्येक वर्षे तेच लिहीत राहतो.

व्हिडिओ केला तर लेखी दस्तऐवजाची गरज उरते का?

उरते. व्हिडिओत शोधता येत नाही, त्यातला कोड उचलता येत नाही आणि एक बटण हलले तरी सगळा पुन्हा चित्रित करावा लागतो. डीबगरमध्ये (दोष शोधण्याच्या साधनात) एकेक पायरी कशी पुढे न्यायची यासारखी हालचाल दाखवायला मात्र तो उत्तम आहे.

एडिटर आणि इतर साधनांकडून किमान अपेक्षा काय ठेवाव्यात?

पहिली अपेक्षा तत्परतेची. बदल केला आणि त्याचा परिणाम दिसायला मिनिटे लागली, तर मनातला धागा तुटतो आणि प्रोग्रामर मोबाइल हातात घेतो. दुसरी अपेक्षा अशी की माहिती कामाच्या जागीच मिळावी. यासाठी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलचा, म्हणजे एडिटर आणि भाषेची साधने यांच्यातील संवादाच्या ठरलेल्या नियमांचा, मोठा उपयोग झाला. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसह जून २०१६ मध्ये तो खुला केला. त्यापूर्वी दहा एडिटर आणि दहा भाषा असतील तर शंभर जोडण्या कराव्या लागत. या प्रोटोकॉलमुळे प्रत्येक भाषेने एक सर्व्हर आणि प्रत्येक एडिटरने एक क्लायंट लिहिला की पुरते. फंक्शनवर कर्सर नेल्यावर जो खुलासा दिसतो तो कोडशेजारच्या टिप्पणीतूनच येतो, म्हणून त्या टिप्पणीचे पहिले वाक्य स्वतंत्रपणे अर्थपूर्ण असले पाहिजे.

तिसरी अपेक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते: साधनाने धोकादायक काम करण्याआधी काय होणार आहे ते दाखवावे. कोडमधील बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनातील क्लीन ही कमांड मूळ सेटिंगमध्ये सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय फाइली पुसत नाही आणि नुसती यादी दाखवण्याचा पर्यायही देते. सर्व्हर आणि क्लाउडची रचना उभारणाऱ्या टेराफॉर्ममध्ये होणारे बदल आधी दाखवणारी प्लॅन ही स्वतंत्र पायरी आहे. अशी सोय असली की शिकाऊ माणूसही न घाबरता प्रयोग करू शकतो.

दोष शोधताना गिटमधील बायसेक्ट फार उपयोगी पडते आणि तरीही अनेकांना ते ठाऊक नसते. चालणारी जुनी कमिट (बदलाची नोंद) आणि बिघडलेली नवी कमिट सांगितली की ते मधली कमिट तपासायला देते. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडते.

पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात. अशा वेळी काय सोय असावी?

सत्तरी, सांगे, काणकोण अशा भागांत घरून काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न दरवर्षीचा आहे. झाड तारांवर पडले की लॅपटॉपची बॅटरी चालू राहते, पण दस्तऐवज नाहीसे होतात. म्हणून साधनाबरोबर दस्तऐवजही यंत्रावर उतरले पाहिजेत. युनिक्सची मॅन पाने, म्हणजे मॅन्युअलची पाने, अशीच यंत्रावर असतात. पायथनचे सर्व दस्तऐवज डाउनलोड करून ठेवता येतात. रस्टची रस्टअप डॉक ही कमांड यंत्रावरचीच प्रत उघडते. जून उजाडण्याआधी टीममधील प्रत्येकाने आपल्या भाषेची आणि मुख्य लायब्ररींची प्रत उतरवून घ्यावी. स्वतःचे दस्तऐवज मार्कडाउनच्या (साध्या मजकुराच्या) फाइलींत रिपॉझिटरीमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यातच, ठेवले तर कोडबरोबर तेही आपोआप हाताशी असतात.

व्हर्जन बदलताना वापरकर्त्याला काय सांगावे?

सिमँटिक व्हर्जनिंग (तीन आकड्यांनी व्हर्जन लिहिण्याची पद्धत) पाळत असल्यास पहिला आकडा जुना कोड मोडणाऱ्या बदलासाठी, दुसरा जुने न मोडता आलेल्या नव्या सोयीसाठी आणि तिसरा दुरुस्तीसाठी वाढवायचा असतो. पण आकडा पुरेसा नाही. काय बदलले, कोणाला त्याचा त्रास होईल आणि जुनी ओळ कशी बदलायची, हे आधीचा व नंतरचा कोड शेजारी ठेवून दाखवावे. कमिटची कच्ची यादी चिकटवणे म्हणजे बदलांची नोंद नव्हे. जुन्या व्हर्जनचे दस्तऐवज काढून टाकू नयेत. सरकारी किंवा बँकेच्या प्रकल्पांत काम करणारे अनेकजण कित्येक वर्षे जुन्या व्हर्जनवर असतात आणि तो निर्णय त्यांच्या हातात नसतो.

दस्तऐवज मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

१९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली, त्यामुळे येथील सॉफ्टवेअरचा वापरकर्ता या दोन्ही भाषांची अपेक्षा करतो. प्रोग्रामरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. फंक्शनची आणि पर्यायांची नावे आहेत तशीच ठेवावीत, संदर्भपाने इंग्रजीत असली तरी चालतील, परंतु नवख्यासाठीचे पाठ आणि ‘असे का’ याचे स्पष्टीकरण मराठीत किंवा कोकणीत असावे, असे मी ठामपणे म्हणेन. मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेला विद्यार्थी पॉइंटर किंवा रिकर्शन अशा प्रोग्रामिंगच्या कल्पना समजून घेताना दोन ओझी एकदम वाहतो. त्यातले भाषेचे ओझे आपण कमी करू शकतो.

साधनाचे मेसेज भाषांतरित करायचे असतील तर वाक्याचे तुकडे जोडून मेसेज बनवू नयेत. इंग्रजीत एकच क्रियापद सर्व नामांना चालते, मराठीत फोल्डर सापडला, फाइल सापडली आणि चित्र सापडले. गेटटेक्स्टसारख्या भाषांतराच्या साधनात पूर्ण वाक्य भाषांतरासाठी द्यावे, एकवचन व अनेकवचन वेगळे द्यावे, आणि रिकाम्या जागी काय येणार आहे याची भाषांतरकारासाठी टीप ठेवावी.

एआय सहायक कोड लिहून देत असताना दस्तऐवजांची गरज आहे का?

आहे. असा सहायक अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचे नावही पूर्ण आत्मविश्वासाने देऊ शकतो आणि जुन्या व्हर्जनची रीत नव्यात सुचवू शकतो. त्याचे उत्तर खरे की खोटे हे ठरवण्यासाठी अधिकृत संदर्भ हाच आधार असतो.

दस्तऐवज कोणी लिहावेत आणि ते अद्ययावत कसे ठेवावेत?

ज्याने कोड बदलला त्याने, त्याच बदलात. रिव्ह्यू करणाऱ्याने कोडबरोबर दस्तऐवजही वाचावा आणि तो नसेल तर बदल परत पाठवावा. १९७१ च्या त्या युनिक्स मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानावर ‘ओनर’ असा मथळाही होता आणि त्याखाली जबाबदार व्यक्तीचे संक्षिप्त नाव असे. टीम लहान असली तरी प्रत्येक पानाला असा एक जबाबदार माणूस असावा.

नव्याने आलेला इंटर्न हा येथे सर्वांत उपयोगी परीक्षक असतो. त्याला पहिल्या दिवशी इन्स्टॉलेशनचे पान देऊन, शेजारी बसून पण न बोलता, तो कोठे थांबतो ते पाहावे. जेथे त्याने विचारले तेथे पान अपुरे आहे. उत्तर तोंडी देऊन विषय संपवू नये. ते उत्तर त्याच्याच हातून पानात लिहून घ्यावे. त्याची पहिली कमिट हीच असावी.

दस्तऐवजात किंवा साधनात दोष आढळल्यास वापरकर्त्याने तो कसा कळवावा?

साधनाचे आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे व्हर्जन, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. दोष दाखवणारा कोड जितका लहान करता येईल तितका करावा. तो लहान करतानाच अनेकदा कारण सापडते. एरर मेसेज मजकूर म्हणून पूर्ण चिकटवावा. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्यातले काहीच शोधता येत नाही आणि बहुधा महत्त्वाची पहिली ओळच कापली गेलेली असते. दोष मराठी मजकुराशी संबंधित असेल तर तो मजकूर आणि त्याचे कोडपॉइंट असे दोन्ही द्यावेत, कारण दुसऱ्या बाजूला वाचणाऱ्याला देवनागरी येत असेलच असे नाही आणि ऱ कोणत्या प्रकारे साठवला आहे हे नुसते पाहून त्यालाच काय, आपल्यालाही सांगता येणार नाही.